सरपण तिचं, पाला तुमचा

नाशकातल्या इंदिरानगरहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा:

"वय 56. दोन वर्षांपासून गच्चीवर भाज्या लावते. वांगी, मेथी, दोडका, कारलं. कोकोपीट आणि माती विकत घेऊन घेऊन कंटाळले. ह्यांनी निवृत्तीनंतर सुतारकामाची हत्यारं आणली आहेत, पण वखारीतला भाव ऐकला की हात आखडतो. शहरात एवढी झाडं छाटतात, एवढ्या पेट्या-फळ्या फेकून देतात, ते फुकटात आपल्यापर्यंत यावं कसं? मागच्या महिन्यात कॉलनीत गुलमोहर छाटला. मी चार फांद्या ओढत गेटपर्यंत आणल्या, तर मागून एक बाई ओरडत आली, 'अहो, माझं सरपण आहे ते!' मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशाच टाकून वर आले. हे म्हणतात, रस्त्यावरचं लाकूड, त्यावर काय कुणाचं नाव लिहिलंय? मुलगा म्हणतो, भंगारवाल्यासारखं गोळा करत फिरू नकोस. तुमचं काय मत?"

ताई,

मुलाचं मनावर घेऊ नका. तुमचं पहिलं वांगं ताटात आलं की तो गप्प बसेल. तुमच्या ह्यांच्या प्रश्नाकडे मात्र मी शेवटी येते, कारण त्यांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करू. तुम्ही 'लाकूड' हा एकच शब्द लिहिलाय, पण घरात गरजा दोन आहेत. तुम्हाला हवाय पाला, काटक्या आणि वेलांसाठी काठ्या. ह्यांना हव्यात फळ्या. या दोन गोष्टी एका जागी, एका माणसाकडे कधीच मिळत नाहीत. दोघं मिळून एकाच ढिगावर जाल तर एकाचा हात रिकामा राहणार हे नक्की.

तुमच्या पाल्यापासून सुरुवात करते. नाशकात छाटणीचा खरा हंगाम एप्रिल-मे. वळवाच्या वाऱ्यात फांद्या तारांवर पडू नयेत म्हणून महावितरणची माणसं लाइनखालची झाडं छाटत फिरतात. पालिकेच्या उद्यान विभागाचीही कामं तेव्हाच निघतात. शिवाय सोसायट्या आपापल्या आवारातली झाडं उतरवून घेतात. तोडणारे पुढे जातात, उचलणारा ट्रॅक्टर मागून येतो. कधी त्याच संध्याकाळी, कधी चार दिवसांनी. मधला तो वेळ तुमचा. पण फांद्या पडल्यावर धावत जाऊ नका, पडायच्या आधी जा. मुकादम कोण ते विचारा, चहा पाजा आणि सांगा की पाला आणि अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या मला हव्यात, दोन-दोन फुटांचे तुकडे करून द्याल का? कोयता हातात असतोच, त्याला दहा मिनिटांचं काम. तुम्हाला मात्र घरी नेऊन अख्खी फांदी तोडायला अख्खी दुपार जाते. हे मी अनुभवावरून सांगते, कारण पहिल्या वर्षी मी एक फांदी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यातून नेली होती. कठड्याला अडकून पडलेला पाला आठवडाभर झाडत होते.

सोसायटीचं काम घेणारा खासगी ठेकेदार तर तुमच्या फायद्याचाच माणूस. त्याला तो कचरा टेम्पोत भरून कुठंतरी नेऊन टाकावा लागतो, भाडं त्याच्या खिशातून जातं. तुम्ही 'अर्धा टेम्पो माझ्या गेटवर उतरवा' म्हणालात तर तो उलट तुमचे आभार मानेल. फक्त एवढं पाळा: जेवढं म्हणाल तेवढं सगळं उचला आणि जागा झाडून द्या. चांगलं निवडून नेणारा आणि उरलेलं रस्त्यात पसरून जाणारा माणूस मुकादम विसरत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याचा फोनही उचलत नाही.

स्वतः झाडावर कोयता मात्र चालवू नका. झाड तुमच्या अंगणातलं असलं तरीही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा संरक्षण व जतन कायदा आहे, आणि तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वादळात पडलेल्या रस्त्याकडेच्या झाडाचा बुंधाही पालिकेचा असतो. त्यातली पानं-काटक्या तुम्ही नेल्यात तर कुणी अडवत नाही, पण ओंडका मनानं उचलायचा नाही. आणि पांडवलेणीच्या डोंगराकडे फिरायला गेल्यावर 'वाळलेलंच तर आहे' म्हणून वनखात्याच्या हद्दीतून काडीसुद्धा आणू नका. 1927 चा वन कायदा वाळलेलं-ओलं असा भेद करत बसत नाही.

कोणता पाला घ्यावा? तुम्ही ओढत आणलेला गुलमोहर गच्चीसाठी उत्तम होता, म्हणून हळहळ वाटली. त्याची पानं बारीक, लवकर कुजतात. लाकूड ठिसूळ, तेही वर्षा-दोन वर्षांत भुसभुशीत होतं. रेन ट्री आणि सोनमोहर तसेच. सुबाभळीचा पाला तर खतच, फक्त शेंगा काढून टाका, नाहीतर पावसाळ्यात वाफ्यात सुबाभळीचं जंगल उगवेल. कडुलिंब मिळाला तर सोडू नका. निलगिरी नको, त्याच्या तेलकट पाल्याशेजारी रोपं दबून राहतात. कण्हेर अजिबात नको. तिचा प्रत्येक भाग विषारी, धूरही. बाभळीचे काटे चप्पल भेदून पायात जातात, ते नंतर कळतं. आणि शेवग्याच्या किंवा गिरिपुष्पाच्या ओल्या काठ्या मांडवाला रोवू नका. कारल्याला आधार म्हणून लावाल आणि महिन्यात काठीलाच पालवी फुटेल. माझ्याकडे एका ड्रममध्ये असा शेवगा अजून उभा आहे. काढायचा धीर होत नाही.

आता नाशिककरांच्या हक्काच्या मालाकडे येते, जो पत्रात कुठंच दिसला नाही. द्राक्षाच्या काड्या! मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव, निफाड, कुठल्याही बाजूला निघालात तरी तासाभरात बागा. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. खरड छाटणीत मागच्या हंगामाच्या काड्या पार उतरवतात. पेन्सिलीएवढ्या जाड, हातभर-दोन हात लांब, आणि एका एकरातून एवढ्या निघतात की बांधावर ढीग लागतात. काही बागायतदार आता त्यांचा बारीक चुरा करून बागेतच मातीत घालतात, ते उत्तमच. बाकीचे पेटवून देतात. त्या पेटवण्याच्या आधी तुम्ही पोचायचं. नात्यात-ओळखीत एक तरी बागायतदार नाही असं नाशकातलं घर मला दाखवा. नसलाच तर ज्याच्याकडून दर वर्षी द्राक्षं घेता त्याला विचारा. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, एवढं सांगायला नको.

या काड्यांबद्दल दोन सूचना आहेत. बागेवर वर्षभर फवारे झालेले असतात, त्यात मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणही असतं. मोरचुदातलं तांबं मातीतून लवकर जात नाही, साठत राहतं. म्हणून काड्यांचा थर वाफ्याच्या तळाशी एकदा घाला, पण दर वर्षी सगळ्या वाफ्यांत फक्त काड्याच असं नको. त्यांच्यावर भरताचं वांगं भाजायचा मोहही नको, जाळाचा वास कितीही छान असला तरी. दुसरं, दारात द्राक्षाचा वेल असेल तर काड्या आणूच नका. डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांचे बीजाणू त्यांच्याबरोबर फुकट येतात.

बाग जुनी झाली की शेतकरी ती मुळासकट काढतो. तेव्हा निघणारी पिळदार खोडं बघून ह्यांचे हात शिवशिवतील. तेवढ्यासाठी एक फेरी करायला हरकत नाही.

बरं, ह्यांच्या फळ्या.

सातपूर आणि अंबड एमआयडीसीत लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी, आणि मशिनच्या पेट्या निघतात हे खरं. पण मोठ्या कारखान्याच्या गेटवर उभं राहून काही उपयोग नाही. तिथला भंगार माल वर्षभराच्या ठेक्यानं दिलेला असतो, आणि गेटपासशिवाय वॉचमन खिळासुद्धा बाहेर जाऊ देणार नाही. त्याची नोकरी का घालवता? लहान गाळ्यांत जा. पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये मालक स्वतः बसलेला असतो, मागच्या बाजूला पॅलेटचा ढीग पावसात सडत असतो आणि जागा अडलेली असते. त्याच्याकडून तोंडी होकार पुरेसा आहे. गावात फरशी-ग्रॅनाइटची आणि काचेची दुकानं बघा, त्यांचा माल लाकडी चौकटींतून येतो. आणि सध्याचा सगळ्यात चांगला स्रोत म्हणजे घरांवर सोलर बसवणारे. पॅनेल लाकडी पॅलेटवर येतात, काम झालं की पॅलेट ग्राहकाच्याच पार्किंगमध्ये पडून राहतं आणि सोसायटीचा सेक्रेटरी वैतागतो. तुमच्या गल्लीत कुणाच्या छतावर काम चालू दिसलं की त्याच दिवशी विचारा.

पॅलेटवर शिक्का शोधा. परदेशातून माल आणणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची खूण आणि खाली दोन इंग्रजी अक्षरं डागलेली असतात. 'एचटी' असेल तर लाकूड भट्टीत तापवून कीड मारलेली आहे, गाभ्यापर्यंत 56 अंश, 30 मिनिटं. ते बिनधास्त घ्या. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं धुरी दिलेली आहे, ते घरात नको, वाफ्याला तर नकोच. देशी पॅलेटवर बहुतेक वेळा काहीच नसतं. मग नाक वापरा: तेलकट डाग, औषधाचा वास, हिरवट झाक असेल तर सोडून द्या. पॅलेट उघडताना पहार घालून फळ्या उचकटू नका, त्याचे खिळे पिळाचे असतात, फळी फाटते. फळी आणि आडव्या पट्टीमधल्या फटीतून हॅक्सॉचं पातं घालून खिळाच कापा. वेळ जातो, पण फळी अख्खी निघते. आणि रिक्षात पॅलेट बसत नाही, जागेवर उघडा नाहीतर छोटा हत्ती सांगा. त्याचं भाडं धरलं की 'फुकट' शब्दाचा अर्थ थोडा बदलतो, म्हणून एका फेरीत आठ-दहा उचलता येतील तेव्हाच सांगा.

लहान कामांसाठी बाजार समितीचा फळबाजार. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या, ऑगस्टनंतर काश्मिरी सफरचंदाच्या. आता खोकी पुठ्ठ्याची झाली आहेत बरीच, पण लाकडी अजून येतात. पातळ फळ्या, रोपं करायच्या ट्रेसाठी अगदी बेताच्या.

नव्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असतं तिथं मिस्त्रीकडे प्लायचे तुकडे आणि भुशाच्या गोणी मिळतात. इथं माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका कामावरून तीन गोणी भुसा आणला, खूश होऊन सगळ्या कुंड्यांत मिसळला, आणि पंधरा दिवसांत मेथी पिवळी पडली. एक तर तो भुसा निम्मा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचा होता. एमडीएफ आणि प्लायमध्ये फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. तो मातीतही नको आणि चुलीतही नको. दुसरी चूक भुसा खरा असता तरी झालीच असती. भुशात नत्राच्या एका भागाला कर्ब 300 ते 500 भाग असतो. तो कुजवणारे जीवाणू नत्र कुठून आणणार? मातीतून, म्हणजे मेथीच्या तोंडातून. तेव्हापासून मी भुसा मातीत मिसळत नाही, नुसता वर दोन बोटं पसरते, खोडापासून थोडा दूर. किंवा शेणाच्या काल्यात भिजवून सहा महिने गोणीत ठेवते. मिस्त्रीकडे जाल तेव्हा विचारा, 'सागाचा किंवा पाइनचा रंध्याचा भुसा वेगळा ठेवाल का?' बोलायला माणसं चांगली असतात. चहाच्या वेळी गेलात तर ठेवतातही.

सेंट्रिंगच्या फळ्या फुकट मिळतात, पण त्यात मोडके खिळे आणि सिमेंट असतं. ह्यांच्या नव्या करवतीचे दात पहिल्याच दिवशी जातील. जुन्या दारं-खिडक्यांचं रंगवलेलं लाकूड घासू नका, जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं. आणि जुन्या नाशकातला वाडा पाडताना दिसला तरी थांबू नका. तिथली तुळई, खांब, कडीपाट यांचा सौदा भिंत पडायच्या आधीच झालेला असतो. शिवाय सागवान, खैर, चंदन म्हटलं की वाहतुकीच्या परवान्याचा प्रश्न येतो, त्या फंदात फुकटच्या हौसेपायी पडू नये.

आणल्यावर काय करायचं तेही सांगते, कारण लोक इथंच हरतात. ओली फळी किंवा ओंडका जमिनीला टेकवून ठेवला की वाळवी लागलीच समजा. विटांवर ठेवा, प्रत्येक थरात रीपा घाला म्हणजे वारा खेळेल, आणि वरून पत्रा. नाशकाच्या मेच्या उन्हात ओलं लाकूड टोकाकडून तडकतं. दोन्ही टोकांना फेविकॉल किंवा उरलासुरला ऑइल पेंट फासला तर कमी तडकतं. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष वाळायला लागतं. ह्यांना हे वाचून दाखवा, कारण निवृत्त माणसाला घाई फार असते.

तुमच्या वाफ्यांसाठी: ड्रम किंवा खोल वाफ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात काटक्या, त्यावर पाला, त्यावर थोडं शेण, आणि वरच्या भागात माती. मातीचा खर्च वाचतो, आणि गच्चीवरचा भारही. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या पुढे जाते, हे बिल्डरनं तुम्हाला सांगितलेलं नसतं. थर वर्षभरात खाली बसेल तेव्हा वरून पुन्हा पाला घाला. उरलेला पाचोळा काही झालं तरी पेटवू नका. घनकचरा नियमांत उघड्यावर जाळायला बंदी आहे, आणि शेजारच्या आजोबांचा दमा कायद्याच्याही आधी येतो.

एक आठवण. होळीच्या आधीचे आठ दिवस काहीही बाहेर ठेवू नका आणि काही शोधायलाही जाऊ नका. त्या दिवसांत गल्लीतल्या पोरांच्या तावडीतून ढीग सुटत नाही, आणि त्यांच्याशी भांडण्यात मजा नाही.

आता ती बाई, आणि ह्यांचा प्रश्न.

माझ्या आजोळी शेणाच्या पोवर कुणी काडी खोचलेली दिसली की दुसरी बाई त्याला हात लावायची नाही. नाव कुणाचंच लिहिलेलं नसायचं. तुमच्या कॉलनीतल्या त्या फांद्या बाईनं बहुतेक सकाळीच ओढून एका बाजूला केल्या असणार, तुम्हाला तो नुसता पसारा वाटला. तिच्या घरी चूल असेल, नाहीतर अंघोळीचा बंब, नाहीतर गॅसचा सिलेंडर महिनाअखेरपर्यंत पुरवायची धडपड. म्हणून ह्यांना सांगा, ओळीनं रचलेला ढीग म्हणजे लिहिलेलं नावच. पालिकेचा हक्क कागदावर असतो, तिचा असा असतो.

पण गंमत अशी की तुमचं आणि तिचं भांडण होण्यासारखं काही नाहीच. तिला लागतात मनगटाएवढ्या जाड, वाळणाऱ्या फांद्या. पाला तिला नको असतो. तो झोडपून काढायला तिला उलट वेळ लागतो, आणि मागे राहिलेल्या पाल्यावरून सोसायटीवाले तिलाच ओरडतात. तुम्हाला तोच पाला आणि शेंड्याच्या काटक्या हव्यात. शोधा तिला. कॉलनीत कुठं छाटणी चाललीय हे तिला तुमच्या आधी कळतं. नाव विचारा, परवाबद्दल वाईट वाटलं म्हणा, आणि विचारा की पुढच्या वेळी पाला मी नेला तर चालेल का. माझा अंदाज, ती हो म्हणेल, आणि फांद्या सोलूनही देईल. कोयता तिच्याकडे आहे.